वाढत्या वयाची भूक आणि शाळेचा अभ्यास

शाळेच्या प्रगतिपुस्तकांत शेऱ्यासाठीं एक रकाना असतो. वर्षानुवर्षें त्यांत तेच चारदोन शब्द उमटत आले आहेत : लक्ष नाहीं, मंद आहे, पाठांतर कच्चें, गैरहजेरी फार. हे शेरे लिहिणारा शिक्षक कांहीं खोटें लिहीत नसतो. दुपारीं तीनच्या सुमारास भूमितीचा तास चालला असतां मागच्या बाकावरील नववींतला मुलगा खरोखरीच पेंगत असतो; शेजारच्या ओळींतील मुलगी फळ्यावरचें वाक्य उतरून घेतां घेतां मध्येंच थांबते, आणि पुन्हा वर पाहीपर्यंत तें वाक्य पुसलें गेलेलें असतें. परंतु शेरा म्हणजे निदान नव्हे. रोग्याच्या कपाळाला हात लावून 'अंग तापलें आहे' एवढेंच सांगून जो उठून जाईल, त्याला वैद्य म्हणण्यास कोणी तयार होणार नाहीं. सकाळपासून ह्या मुलाच्या पोटांत काय गेलें, हें लिहिण्यासाठीं प्रगतिपुस्तकांत रकाना नाहीं. आणि खेड्यांतील गरीब घरच्या वाढत्या मुलांच्या बाबतींत पुष्कळशा शेऱ्यांचें मूळ त्या न विचारलेल्या प्रश्नांतच सांपडतें.

कोल्हापूर जिल्ह्यासंबंधानें असा प्रश्न काढला म्हणजे शहरांतील माणसाला प्रथम आश्चर्य वाटेल. ऊंस, गूळ, म्हशीचें दूध आणि तालमींतले पहिलवान यांच्यासाठीं नांवाजलेल्या मुलखांत उपासमारीची गोष्ट कसली? शिरोळ, हातकणंगले, करवीर ह्या तालुक्यांतील मळे पाहत जाणाऱ्याला ही शंका येणें साहजिक आहे. परंतु ह्याच जिल्ह्याची पश्चिमेची बाजू सह्याद्रीला टेकलेली आहे. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, चंदगड ह्या तालुक्यांतील डोंगरपठारांवर भात आणि नाचणा हींच काय तीं हक्काचीं पिकें. जमीन थोडी, पाऊस अतोनात, आणि गवळी धनगरांचे वाडे मोटाररस्त्यापासून दूर. पूर्वेकडे तरी सर्वत्र सुबत्ता आहे असें नाहीं. ऊंस तोडण्यासाठीं दर गळीत हंगामाला बीडकडून येणारीं कुटुंबें कारखान्यांच्या आसपास पालें ठोकून राहतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' म्हणून गणले जातात, आणि मागें पालांत धाकट्या भावंडांना सांभाळून भाकऱ्या थापणारी मुलगी ही बहुधा शाळेंतून मध्येंच उठून आलेली असते. जिल्ह्याच्या श्रीमंतीच्या अगदीं मध्यावर राहून ती त्या श्रीमंतीच्या बाहेरच असते.

शिवाय ही भूक दुष्काळांतल्या भुकेसारखी डोळ्यांना दिसत नाहीं. भाकरी किंवा भात मिळतो; जें पुरेसें मिळत नाहीं तें डाळ, दूध, अंडीं, भाजी आणि फळें. पोट भरतें आणि रक्त उपाशी राहतें. अशा मुलाला कोणी उपाशी म्हणत नाहीं, तो स्वतःही म्हणत नाहीं. त्याला मंद म्हणतात.

जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत मूल ज्या झपाट्यानें वाढतें, त्याच्याशीं थोडी तरी तुलना होईल अशी वाढ आयुष्यांत पुन्हा एकदांच होते, आणि ती वयांत येण्याच्या सुमारास. मुलींच्या बाबतींत हा भर कांहींसा अगोदर, मुलांच्या बाबतींत नंतर येतो. ऐन भराच्या वर्षीं उंची आठ-नऊ सेंटिमीटरांनीं वाढते. हाडें, स्नायु, रक्त सर्वच वाढत असतें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं भारतीयांच्या आहाराचें जें कोष्टक ठरविलें, त्यांतले दोनचार आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत. बैठें काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाला दिवसाला २,११० उष्मांक पुरतात. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला २,८६० लागतात, आणि सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला ३,३२०. म्हणजे कचेरींत बसून लेखणी चालविणाऱ्या गृहस्थाच्या ताटांत जेवढें अन्न असावें, त्याच्या दीडपट अन्न त्याच्या कॉलेजांत जाऊं लागलेल्या मुलाच्या ताटांत असलें पाहिजे. मुलींच्या बाबतींत लोहाचा आंकडा अधिक बोलका आहे. प्रौढ पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह पुरे होतें. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला ३० मिलिग्रॅम हवें, कारण एकीकडे तिचें रक्त वाढत असतें आणि दुसरीकडे मासिक ऋतूबरोबर तें जातही असतें.

घरांत वाढण्याचा क्रम मात्र ह्या कोष्टकाच्या बरोबर उलट चालतो. प्रथम कर्ता पुरुष, मग मुलगे, शेवटीं आई आणि तिच्याबरोबर मोठी मुलगी. त्या वेळेपर्यंत आमटींतली डाळ वर आलेली असते आणि खालीं पाणी राहिलेलें असतें, किंवा त्याच्या उलट. कसेंही झालें तरी घट्ट भाग संपलेला असतो.

लोहाचा आणि अभ्यासाचा संबंध काय, असें कोणी विचारील. रक्तांतील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नांवाचें द्रव्य असतें. फुप्फुसांतला प्राणवायु उचलून तो शरीरभर पोंचविणें हें त्याचें काम, आणि तें द्रव्य घडविण्यास लोह लागतें. मेंदू वजनानें शरीराचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. परंतु शरीर विसाव्यांत असतां जेवढा प्राणवायु वापरतें, त्याचा पांचवा हिस्सा हा एकटा मेंदू खातो. इतकेंच नव्हे, तर मेंदूंतील एका पेशीचा निरोप दुसरीला पोंचविणारीं जीं रासायनिक द्रव्यें आहेत, त्यांच्या घडणींतही लोहाचा भाग असतो. म्हणून शरीरांतील लोहाचा साठा आटूं लागला कीं डोळ्यांच्या पापण्या पांढऱ्या दिसूं लागण्यापूर्वींच लक्ष उडूं लागतें. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं शाळकरी मुलींवर झालेला एक प्रयोग १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. ह्या मुलींना रक्तक्षय जडलेला नव्हता. केवळ लोहाचा साठा कमी होता. कांहींना आठ आठवडे लोहाच्या गोळ्या दिल्या, कांहींना तशाच दिसणाऱ्या निरुपयोगी गोळ्या. लोह मिळालेल्या मुली ऐकलेले शब्द लक्षांत ठेवून पुन्हा सांगण्याच्या परीक्षेंत सरस ठरल्या. आपल्याकडे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत सुभद्रा शेषाद्री आणि तारा गोपालदास ह्या दोन विदुषींनीं शाळकरी मुलांवर ह्याच दिशेनें काम केलें, आणि तें १९८९ सालींच विद्वानांसमोर आलें होतें.

रोग किती पसरला आहे? २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ आणि मुलांपैकीं शेंकडा ३१ रक्तक्षयी आढळले. त्याअगोदर २०१६ ते २०१८ मध्यें पोषणाची जी वेगळी अखिल भारतीय पाहणी झाली, तींत दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलींत हें प्रमाण शेंकडा ४० आणि मुलांत १८ निघालें. एका पाहणींत बोटाला सुई टोंचून रक्ताचा थेंब घेतलेला, दुसरींत शिरेंतून रक्त काढलेलें. वयाची मर्यादाही निराळी. म्हणून आंकडे जुळत नाहींत. आंकडेशास्त्र्यांनीं त्यावर खुशाल वाद घालावा. दोन्ही पाहण्यांत मुलींची स्थिति मुलांच्या सुमारें दुप्पट वाईट आहे, ही गोष्ट त्या वादानें बदलत नाहीं.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. उपाशी मूल म्हणजे बुद्धीनें उणें मूल, असा अर्थ यांतून कोणी काढूं नये. १९४४-४५ सालीं, महायुद्ध चालू असतां, अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीज ह्या शास्त्रज्ञानें छत्तीस तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटीं ठेवून त्यांची तपासणी केली. तरुण सांगत कीं वाचनांत मन लागत नाहीं, विचार धरून ठेवतां येत नाहीं, जेवणाखेरीज दुसरा विषय सुचत नाहीं. कित्येक जण तर पाकशास्त्राचीं पुस्तकें चाळीत बसूं लागले. परंतु बुद्धिमापनाच्या ठराविक कसोट्या त्यांना लावल्या, तेव्हां त्यांची बुद्धि उतरल्याचें कांहीं दिसेना. ह्याचा अर्थ उघड आहे. घटकाभराच्या परीक्षेपुरतें मन आवळतां येतें. सहा तासांच्या शाळेपुरतें आणि दहा महिन्यांच्या वर्षापुरतें आवळतां येत नाहीं. हे तर पूर्ण वाढलेले, पूर्वी भरपूर खाल्लेले तरुण होते. वाढत्या वयाच्या मुलाकडे पूर्वीचा साठाही नसतो.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगावयास हवी. शैशवांत जें गमावलें, तें सगळें चौदाव्या वर्षीं भरून निघत नाहीं. मध्य अमेरिकेंतील ग्वाटेमाला देशांत १९६९ पासून कांहीं खेड्यांतील अगदीं लहान मुलांना प्रथिनयुक्त पेज आणि इतर खेड्यांत साधें गोड पेय देण्याचा उपक्रम चालला होता. तीं मुलें मोठीं झाल्यावर, १९८८-८९ मध्यें, त्यांना पुन्हा शोधून काढून तपासलें. लहानपणीं पेज मिळालेलीं मुलें वाचनांत आणि शब्दज्ञानांत पुढें होतीं, आणि सर्वांत अधिक लाभ सर्वांत गरीब घरच्या मुलांना झालेला होता. तेव्हां अंगणवाडीच्या वयांतील आहार प्रथम, हें खरेंच. परंतु पाया कच्चा राहिला म्हणून भिंतीलाही चुना देऊं नये, असा न्याय कोणी लावीत नाहीं.

गगनबावड्याकडील एखाद्या वाडीवरची नववींत शिकणारी मुलगी डोळ्यांपुढें आणावी. पहाटे उठून ती पाणी भरते, शेणघाण काढते, आईबरोबर म्हशीच्या धारेला बसते. दूध किटलींत भरून संस्थेला जातें, कारण मीठमिरची, औषधपाणी आणि तिच्याच वह्या ह्या सर्वांचा रोख पैसा दुधाच्या बिलांतून येतो. घरांत चहापुरतें दूध राहतें. कोपभर चहांत रात्रीची शिळी भाकरी बुडवून खाल्ली कीं न्याहारी झाली. डब्यांत भाकरी, खर्डा आणि असली तर कालची भाजी. वाडी ते रस्ता पायीं, पुढें एस्. टी., अकराला शाळा. सायंकाळीं परत येईपर्यंत दिवेलागण झालेली असते, आणि मग चुलीचें काम असतें. अभ्यास त्यानंतर.

ह्या आईला अडाणी म्हणण्याचा मोह शहरांतील सुशिक्षितांना होतो. 'दूध विकतात आणि मुलांना चहा पाजतात,' असें वाक्य शहरांत सहज ऐकूं येतें. परंतु तिचा हिशेब चुकलेला नसतो. लिटरभर दुधाच्या पैशांत घरच्या सर्वांना एक वेळ पोटभर होईल एवढें धान्य येतें, दूध पिऊन होत नाहीं. तिला जें ठाऊक नसतें तें वेगळें आहे, आणि तें शहरांतल्या कित्येक पदवीधरांनाही ठाऊक नसतें : भाकरीबरोबर किंवा भाकरीवर लागलीच घेतलेला चहा त्या भाकरींतील लोह अंगीं लागूं देत नाहीं. धान्यांतील लोहाचा मुळांतच थोडा अंश शरीरांत शिरतो. चहांतील तुरट द्रव्य त्या थोड्यांतलेंही निम्म्याहून अधिक अडवतें. उलट लिंबू, आंवळा, पेरू ह्यांसारख्या आंबट-तुरट फळांतील क जीवनसत्त्व तेंच लोह अंगीं लावण्यास मदत करतें. चहा तासभर पुढें ढकलणें आणि भाकरीबरोबर लिंबाची फोड चोखणें, ह्याला खर्च जवळजवळ कांहींच नाहीं. नाचण्याची भाकरीही तिनें हलकी समजूं नये. त्या काळ्यासांवळ्या पिठांत दर १०० ग्रॅममागें ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम आहे; पांढऱ्या तांदळांत त्याचा मागमूसही म्हणण्यासारखा नाहीं. डोंगरांतील लोक पैसा हातीं येतांच नाचणा टाकून तांदळाकडे वळतात, ही प्रतिष्ठेची चूक आहे आणि ती शहरानेंच त्यांना शिकविली.

अन्न आणि विद्या यांची सांगड घालण्याचा विचार कोल्हापूरला नवा नाहीं. किंबहुना येथें तो इतरांच्या आधीं सुचला. पूर्वी गरीब ब्राह्मण विद्यार्थी गांवांत वार लावून किंवा माधुकरी मागून शिकत असे. त्याच्या ज्ञातीचीं घरें शहरांत होतीं. कुणब्याच्या, धनगराच्या, अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्याच्या मुलाला शहरांत असें एकही दार नव्हतें. त्याला शाळेंत प्रवेश दिला, तरी तो राहणार कोठें आणि जेवणार कोठें? राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह काढलें, आणि पुढें जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा एकेका समाजाचीं वसतिगृहें त्यांच्या आश्रयानें उभीं राहत गेलीं. प्राथमिक शिक्षण सक्तीचें आणि मोफत करण्याचा त्यांचा कायदा १९१७ चा. हा क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे : स्वयंपाकघर आधीं, कायदा मागून.

ह्याच कोल्हापुरांत जैन वसतिगृहांत राहून शिकलेला कुंभोजचा एक विद्यार्थी म्हणजे पुढचे कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ सालीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें एकत्र वसतिगृह सुरू केलें. त्या वसतिगृहांत मुलांना घालण्यासाठीं धान्य उरलें नाहीं, तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरील दागिने मोडले आणि अखेर मंगळसूत्रही दिलें. महाराष्ट्रांत ही गोष्ट त्यागाचें उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि तें योग्यच आहे. पण तिच्यांतला साधा व्यवहारही पाहावा. त्या बाईनें मंगळसूत्र पुस्तकांसाठीं मोडलें नाहीं, इमारतीसाठीं मोडलें नाहीं. दुसऱ्या दिवशींच्या भाकरीसाठीं मोडलें. भाकरी चुकली कीं मुलें गांवीं परत जातील, हें तिला कोणत्याही शास्त्रज्ञानें सांगावें लागलें नाहीं.

सरकारांना तें उमगण्यास वेळ लागला. इंग्लंडमध्यें बोअर युद्धासाठीं भरती होऊं आलेले तरुण इतके खुजे आणि दुबळे निघाले कीं राज्यकर्ते घाबरले; चौकशी समिति बसली, आणि १९०६ सालीं शाळेंत जेवण घालण्याची मुभा देणारा कायदा झाला. दुसऱ्याच वर्षीं ब्रॅडफर्ड शहरीं शाळेंत जेवणाऱ्या मुलांचीं वजनें नियमानें घेण्यांत आलीं. शाळा चालू असतां वजन वाढे. मध्यें सुटी आली कीं उतरे. दिवाळीची आणि मे महिन्याची सुटी गरीब घरच्या मुलाला काय असते, हें त्या वजनाच्या कागदानें सांगितलें. आपल्या देशांत मद्रासेनें १९५६ पासून कामराजांच्या कारकीर्दींत शाळेंत जेवणाची मोठी व्यवस्था केली. अखिल भारतीय योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. परंतु पुष्कळ ठिकाणीं तिचें स्वरूप महिन्याला तीन किलो धान्य घरीं देण्याचें होतें, आणि तें धान्य सगळ्या घरांत वाटलें जाई. शिजविलेलें अन्नच दिलें पाहिजे, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयानें २८ नोव्हेंबर २००१ रोजीं दिला, तेव्हां शाळाशाळांतून चुली पेटल्या. २००८ पर्यंत सहावी ते आठवीचे वर्गही त्यांत आले. आज पांचवीपर्यंतच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनें, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनें असें प्रमाण ठरलेलें आहे. खिचडी म्हणून तिची थट्टा करणारे पुष्कळ आहेत; बचत गटाच्या बाया ती कोणत्या धुरांत बसून आणि किती तुटपुंज्या मानधनावर शिजवितात, हें थट्टा करणाऱ्यांनीं एकदां पाहून यावें. महाराष्ट्रांत नोव्हेंबर २०२३ मध्यें आठवड्यांतून एक अंडें, आणि अंडें न खाणाऱ्यांना केळें, देण्यास आरंभ झाला होता; जानेवारी २०२५ मध्यें शासनानें त्याचा निधि थांबविला आणि शाळांनीं तो लोकवर्गणींतून उभा करावा असें सांगितलें. सात दिवसांतून एकच अंडें, तेंही जड झालें.

परंतु खरी अडचण अंड्याची नाहीं. खरी अडचण ही कीं ही योजना आठवीशीं संपते.

आठवी ते नववी हें अंतर कागदावर एका इयत्तेचें आहे. डोंगरांतील मुलाच्या आयुष्यांत त्याच सुमारास पुष्कळ गोष्टी एकदम बदलतात. वाडीवरची किंवा शेजारच्या गांवची जिल्हा परिषदेची शाळा संपते, आणि दूरच्या हायस्कुलांत जावें लागतें. म्हणजे चाल वाढते. अंगांत बळ आलें म्हणून घरचें काम वाढतें. अभ्यास अवघड होतो, दहावीची परीक्षा दिसूं लागते. मुलगा ऐन वाढीच्या भरांत असतो, मुलीचा ऋतु सुरू झालेला असतो. नेमक्या ह्या वर्षीं, जून महिन्याच्या एका सोमवारीं, दुपारची थाळी बंद होते. १४ वर्षांपर्यंत शिक्षणाचा हक्क, म्हणून तेथपर्यंत अन्न, असा हा हिशेब आहे. कायद्याच्या दृष्टीनें तो बिनचूक असेल. शरीराला चौदावें वर्ष हें कायद्याचें कलम म्हणून कळत नाहीं.

ह्या वयाच्या मुलींसाठीं म्हणून एक निराळी योजना २०१०-११ मध्यें देशांतील २०० निवडक जिल्ह्यांत सुरू झाली होती. तींत चौदा ते अठरा वर्षांच्या मुलींना अंगणवाडीमार्फत दिवसाला ६०० उष्मांकांचा आहार होता. पुढें ती आंखडली. आज ह्या वयोगटासाठीं ती ईशान्येकडील राज्यांत आणि आकांक्षित म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांतच आहे, आणि कोल्हापूर त्या यादींत नाहीं. ग्रामीण मुलीला शाळेसाठीं एस्. टी.चा पास मोफत मिळतो, ही चांगलीच गोष्ट आहे. सरकार तिला शाळेच्या दारापर्यंत फुकट पोंचवितें. आंत गेल्यावर तिच्या पोटांत काय आहे, हा प्रश्न तिचा.

नववीच्या वर्गाला मिळतात त्या गोळ्या. २०१३ च्या सुमारापासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना आठवड्यांतून एकदां लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी शाळेंत देण्याचा कार्यक्रम आहे. तींत ६० मिलिग्रॅम लोह असतें. वर्षांतून दोनदां जंताचें औषधही देतात, आणि तें आवश्यक आहे, कारण अनवाणी पायांतून शिरणारा अंकुशकृमि आंतड्याला चिकटून रक्तच पितो. योजना शास्त्रशुद्ध आहे. पण उपाशी पोटीं ती गोळी घेतली कीं मळमळतें, शौचाला काळें होतें. एका मुलीला उलटी झाली कीं दुसऱ्या आठवड्याला साऱ्या वर्गाच्या गोळ्या दप्तराच्या कप्प्यांत जातात. जेवणानंतर द्यावी, असें सूचनेंत लिहिलेलें असतें. आठवीच्या वर्गांत ही सूचना पाळणें सोपें आहे. नववीच्या वर्गांत जेवण कोठून आणावयाचें?

भाकरीच औषध होऊं शकेल काय, ह्याचा एक सुंदर प्रयोग महाराष्ट्रांत झालेला आहे आणि त्याची माहिती फारच थोड्या घरांत पोंचली आहे. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील निवासी शाळांत बारा ते सोळा वर्षांच्या २४६ मुलामुलींना सहा महिने रोज दोन वेळा बाजरीची भाकरी देण्यांत आली. निम्म्यांची भाकरी साध्या बाजरीची, निम्म्यांची अधिक लोह असलेल्या 'धनशक्ति' ह्या वाणाची. हा वाण रसायनें मिसळून केलेला नाहीं. निवडीनें आणि पैदाशीनें तयार केलेला आहे. चवींत किंवा रूपांत वेगळेपण असें कांहीं नाहीं. सहा महिन्यांनीं पाहतां, प्रारंभीं ज्यांच्या अंगीं लोह कमी होतें अशीं मुलें धनशक्तीच्या भाकरीनें दीडपटीहून अधिक प्रमाणांत सुधारलेलीं आढळलीं. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्यें प्रसिद्ध झाले. पुढें २०१८ मध्यें त्यांतील १४० मुलांच्या लक्षाच्या आणि स्मरणाच्या परीक्षांचे निकाल आले : लोहयुक्त भाकरी खाणारीं मुलें पडद्यावरील खुणेला अधिक चटकन् आणि अचूक प्रतिसाद देत होतीं. परीक्षेचे गुण किती वाढले, हें ह्या प्रयोगानें मोजलेलें नाहीं, आणि म्हणून तसा दावा करणें बरें नव्हे. परंतु प्रगतिपुस्तकांत 'लक्ष नाहीं' असा जो शेरा पडतो, त्यांतील लक्ष हीच गोष्ट येथें मोजली गेली आणि ती भाकरीनें सुधारली.

उपाय अशक्य आहे, पैसा नाहीं, असें उत्तर नेहमीं मिळतें. तें उत्तर देणाऱ्यानें पुणें-बंगलोर रस्त्यानें कोल्हापूरहून दक्षिणेला निघावें. कागल मागें पडलें कीं थोड्याच अंतरावर कर्नाटकाची हद्द लागते. हद्दीपलीकडच्या कोगनोळी-निपाणीकडे भाषा तीच, भाकरी तीच, ऊंसही तोच. कर्नाटक सरकारनें मात्र आपल्या खर्चानें शाळेंतील जेवण नववी आणि दहावीच्या वर्गांपर्यंत नेलें आहे, आणि २०१३ पासून दहावीपर्यंतच्या मुलांना दूधही देण्यास आरंभ केला. तामिळनाडूंतही दहावीपर्यंत जेवण आहे. एकाच बोलीच्या दोन मावसबहिणी, एक हद्दीच्या अलीकडे दिलेली, एक पलीकडे. दोघींच्याही मुली नववींत. दुपारीं एकीच्या मुलीपुढें थाळी येते.

अलीकडच्या बाजूला खेड्यांतील पुष्कळ हायस्कुलें पांचवी ते दहावीचीं आहेत. सारे वर्ग एकाच आवारांत भरतात. बचत गटाची बाई सकाळीं पट विचारून घेते आणि आठवीपर्यंतच्या हजेरीनें तांदूळ मोजते. मधली सुटी होते. आठवीचीं मुलें थाळ्या घेऊन ओळींत उभीं राहतात. गेल्या वर्षीं ह्याच ओळींत असलेलीं नववीचीं मुलें पलीकडे झाडाखालीं बसतात. कोणाकडे डबा असतो, कोणी पाणी पिऊन येतो. सर्वांचें वाढून झालें आणि पातेल्याच्या तळाशीं कांहीं राहिलें, तर ती बाई इकडेतिकडे पाहून त्यांतल्या एखाद्याला हातानें खूण करते.